इंदूरबाहेरच्या रानवाटा: पहिल्यांदा चालायला निघताय? या चुका टाळा

पावसाचा जोर ओसरला की रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगरातल्या घरांत बेत ठरायला लागतात: या रविवारी पाताळपाणीचा धबधबा, नाहीतर जानापावचा डोंगर. बेत उत्तम. माळव्याचं पठार महूच्या पुढे निमाडात उतरतं, तिथल्या दऱ्या आणि साग-पळसाची रानं पायी बघण्याचं सुख इतक्या जवळ आहे हे आपलं भाग्यच. पण गाडीतून उतरून चालायला लागलं की नवखी मंडळी ठरावीक चुका करतात. काही स्वतःला महागात पडतात, काही रानाला.

डोक्यावरचं आभाळ बघून पाण्यात उतरणं

सगळ्यांत जीवघेणी चूक हीच. पाताळपाणीचा धबधबा चोरल नदीवर आहे. खाली ऊन असतं, पाणी घोट्याएवढं असतं, आणि वर पठारावर थोड्याच वेळापूर्वी जोरदार सर पडून गेलेली असते. काळ्या कातळात ते पाणी फारसं मुरत नाही, ओढ्यानाल्यांतून थेट नदीत येतं. 2011 च्या जुलैत असाच लोंढा आला आणि खडकावर अडकलेलं एक कुटुंब लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. त्यातले सगळे वाचले नाहीत.

म्हणून पावसाळ्यात धबधबा लांबूनच बघा, कठड्याच्या अलीकडून. कोरड्या दिवसांत एखादा ओढा ओलांडताना पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला किंवा खळखळीचा आवाज वाढला, तर चपला, डबा, मोबाईल काहीही उचलायला थांबू नका. जवळच्या काठावर चढा आणि आणखी वर जा. सोबतची माणसं पलीकडे राहिली तरी पाणी उतरेपर्यंत दोघांनी आपापल्या काठावरच थांबायचं.

नवे बूट, सुती मोजे

चालायला जायचं म्हणून शनिवारी बूट आणायचे आणि रविवारी घालायचे, हे हमखास फोड आणणारं आहे. आधी आठवडाभर ते घालून बाजारहाट करा. चालताना टाचेला चुरचुरायला लागलं की तिथेच थांबा, मोजा काढा, पाय कोरडा करून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर पट्टी लावून तितकासा उपयोग होत नाही, आणि आलेला फोड फोडू तर मुळीच नये. उतारावर अंगठ्याची नखं दुखत असतील तर नखं वाढलीत किंवा घोट्याजवळची नाडी सैल आहे. ती घट्ट आवळली की पाय पुढे सरकत नाही.

पावसाळ्यात काळी माती तळव्याला थरावर थर चढते आणि बूट जड होतात. झटकून ती पडत नाही, काटकीने खरवडूनच काढावी लागते. ऑक्टोबरपासून दुसरी गंमत: कुसळं. वाळलेल्या गवताचं हे बी टोकाला अणकुचीदार असतं आणि त्याची शेपटी ओल लागली की पीळ सोडत फिरते, त्यामुळे बी आत आत शिरतं. सुती किंवा लोकरी मोज्यांत ती शेकड्यांनी अडकतात. गुळगुळीत कापडाची लांब पँट मोज्यांवरून सोडा. आणि काढलेली कुसळं वाटेवरच टाका. घराच्या अंगणात झटकली तर पुढच्या वर्षी ती तिथे उगवतील.

रानात घंटागाडी येत नाही

आपलं शहर 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं, पुढेही सलग कित्येक वर्षं येत राहिलं. ओला-सुका कचरा वेगळा करणं इथल्या लहान मुलालाही शिकवावं लागत नाही. मग तीच माणसं चोरलच्या काठावर शेवेची रिकामी पाकिटं दगडाखाली का खोचतात, हे मला खरोखर कळत नाही आणि मनापासून वाईट वाटतं. दगडाखालचं पाकीट पहिल्या पुरात नदीत जातं. पाताळपाणीवरून खाली गेलेली चोरल बडवाहजवळ नर्मदेला मिळते. त्याच्याही खाली, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी उचललं जातं. जानापाववर टाकलेली बाटली कदाचित उलट दिशेला जाईल, कारण तिथे उगम पावणारी चंबळ उत्तरेला यमुनेकडे वाहते. बाटली मात्र कुठे तरी पोचणारच.

‘सालंच तर आहेत, कुजतील’ हाही गैरसमज आहे. संत्र्या-केळ्याची सालं कोरड्या हवेत महिनोन्‌महिने पडून राहतात आणि माकडांना वाटेवर बसायची सवय लावतात. पाताळपाणीला हातातली पिशवी हिसकावणारी माकडं जन्मतः तशी नव्हती. आपण शेंगदाणे-बिस्किटं देऊन त्यांना तसं केलं. सोपा उपाय: पोहे द्रोणात न नेता घरच्या डब्यात न्या, आणि पाठपिशवीत दोन जास्तीच्या पिशव्या ठेवा, एक ओल्यासाठी, एक सुक्यासाठी. घरी आल्यावर त्या आपल्याच कचऱ्यात घाला.

फाल्गुन-चैत्रात चूल किंवा शेकोटी पेटवू नका. साग-पळसाचा पाचोळा तेव्हा इतका वाळलेला असतो की विडीचं थोटूकही पुरतं.

उशिरा निघणं, पाणी कमी नेणं

सकाळी पोहे-जिलबी खाऊन दहाला निघालात तर चालणं भर उन्हात येतं. उजाडताच चालायला लागा. माणशी निदान दोन लिटर पाणी हवं. पायात गोळे आले, डोकं जड झालं तर सावलीत बसून ओआरएस घ्या. लिटरभराची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यात विरघळवायची, अर्ध्या ग्लासात नाही. एप्रिल-मे महिन्यांत मी नवख्यांना डोंगर सुचवतच नाही. तेव्हा पहाटे सिरपूर तलावाचा काठ बरा.

मोबाईलच्या भरवशावर वाट

दऱ्यांत रेंज जाते. नकाशा घरीच उतरवून घ्या, घरी परतण्याची वेळ सांगून ठेवा. वाट चुकल्यासारखी वाटली तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे फिरा. ओढ्याच्या कडेने खाली उतरायचा मोह नको, कारण इथले ओढे कड्यावर जाऊन संपतात. गुराखी भेटला तर ‘राम राम’ करून वाट विचारा, शेतातून जायचं असेल तर आधी मालकाला विचारा आणि उघडलेलं फाटक पुन्हा लावून घ्या. सूर्यास्त बघायला जानापाववर थांबणार असाल तर प्रत्येकाकडे विजेरी हवी, मोबाईलची नव्हे, वेगळी.