जुन्या पिकअपचा चेक लाइट विझता विझत नाही? सेन्सर विकत घेण्याआधी हे तपासा

बॅटरीची तार काढून पाच-दहा मिनिटांनी लावली की चेक लाइट विझतो, हे बहुतेक पिकअपवाल्यांना पाठ असतं. दोन-चार दिवसांत तो परत लागतो, हेही. तार काढल्यानं दोष जात नाही, पण ईसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, नोंदवलेला दोषाचा कोड पुसला जाऊ शकतो. मग मिस्त्री अंदाजानं एकेक सेन्सर बदलत बसतो आणि बिल तुमचं वाढतं.

आधी दिवा नीट बघा. चावी ऑन केली की पिवळा इंजिनाचा दिवा लागायला हवा आणि गाडी सुरू झाल्यावर विझायला हवा. चावी फिरवूनही तो लागलाच नाही, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी मुद्दाम काढलाय. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा मात्र वेगळा. तो लागला तर गाडी जागीच बंद करा.

देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं. त्या काळातल्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या) पिकअपला स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर कोड वाचता येतो. स्वस्त स्कॅनर काही जुन्या गाड्यांशी जुळत नाही. तेव्हा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून वाचून घ्या. कोड कागदावर लिहा आणि मगच पुसा. पी००८७ म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी, पी०२९९ म्हणजे टर्बोची (इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याची) हवा कमी, पी०४०१ म्हणजे ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) प्रवाह कमी. कोड फक्त कुठे बिघडलंय ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते नाही.

पुसल्यावर दिवा परत कधी लागतो, याकडे लक्ष ठेवा. चावी ऑन करताच लागला तर बहुधा वायरिंग किंवा सेन्सरचं सर्किट. बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात माल घेऊन चढतानाच लागत असेल, तर डिझेल नाहीतर हवा कमी पडतेय.

वायरिंगपासूनच सुरुवात करा, कारण त्याला खर्च नाही. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थची तार घासून घट्ट करा. मल्टिमीटरवर बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. शेतातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी राहत असेल, तर पहिला संशय उंदरांवर घ्या. इंजिन थंड असताना हार्नेस (वायरांचा जुडगा) बोटांनी चाचपत जा. फाटलेली टेप, उघडं तांबं, लेंड्या, काहीतरी सापडतंच. कपलर (वायर जोडायचे प्लग) काढून पिना बघा. हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप गुंडाळू नका, पावसाळ्यात दिवा पुन्हा लागेल. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा.

मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर धुळीनं आणि भुसकटानं लवकर गच्च होतो. तो बघताना टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतचे) रबरी पाइपही बघा. क्लॅम्पजवळ ओला तेलकट डाग असेल तर तिथून हवा सुटत असण्याची शक्यता मोठी. कॅनमधून डिझेल भरायची सवय असेल तर डिझेल फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि थांबा. पाणी असेल तर खाली बसेल. डिझेल फिल्टर बदलल्यावर त्याच्या हातपंपानं लाइनमधली हवा काढा.

मात्र जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांसारखा चालू इंजिनात इंजेक्टरच्या पाइपचा नट अजिबात सैल करू नका. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. ती बारीक धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

ईजीआरचा कोड असेल तर व्हॉल्व्ह काढून काजळी कार्ब क्लीनरनं धुवा. एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असेल तर त्याला खास त्याचाच क्लीनर लागतो. बोट, फडकं किंवा कॉम्प्रेसरची हवा लावली तर आतली बारीक तार तुटते.

काम झालं की कोड पुसा आणि माल भरून नेहमीच्या रस्त्यानं गाडी चालवा. रिकाम्या गाडीत दोष दबून राहतो. तोच कोड परत आला तर कागद मिस्त्रीपुढे ठेवा आणि सेन्सर मागवण्याआधी चालू गाडीत रेल प्रेशरचा आकडा दाखवायला सांगा.