आकाशगंगेच्या मध्याचा नकाशा काढायला बसताय? आधी हे वाचा

दुर्बीण काढायचीच नाही. धनु रास मध्यरात्री सगळ्यात वर येते ती जूनच्या शेवटी, म्हणजे मुंबईत नेमका पाऊस, आणि आभाळ उघडं मिळालं तरी पृथ्वीवरून गाभ्याकडे बघताना मधल्या धुळीत दृश्य प्रकाश जवळजवळ सगळाच अडतो. डेटा ओगल या आकाश-पाहणीचा घ्या, वॉर्सा विद्यापीठाची चिलीतल्या लास कॅम्पानासची १.३ मीटरची दुर्बीण, २०१४च्या यादीत मध्याच्या दिशेचे ३८ हजारांहून जास्त आरआर लायरी तारे, म्हणजे ठरावीक वेळाने तेज बदलणारे तारे, आहेत. लॅपटॉप, चार्जर, बॅकअप, ते तुमचं तुम्ही बघा.

आता धूळ. मागच्या वेळी मी इथेच चुकलो.

आरआर लायरी म्हातारे तारे, साधारण अर्ध्या दिवसात एकदा उजळून मंदावतात, आणि आवर्तनकाळ कळला की खरं तेज कळतं, तेजावरून अंतर. पण मधली धूळ त्यांना मंदही करते आणि लालही, म्हणून तारा मुळात किती लाल असतो ते वजा करून धुळीने आलेली लाली काढायची आणि तिला एका आकड्याने गुणून मंदपणा काढायचा. तो आकडा! पाठ्यपुस्तकात आय फिल्टरसाठी (लालच्या पलीकडचा, इन्फ्रारेडकडे झुकणारा प्रकाश) १.४५च्या आसपास देतात, मध्याच्या दिशेला तो सरासरी १.२च्या जवळ आहे, कारण तिथली धूळच वेगळी. मी पुस्तकातला घेतला. लाली १.५ मॅग्निट्यूड (ताऱ्याचं तेज मोजायचं एकक) असेल तिथे या फरकाने तारा १५ टक्के जवळ येतो, म्हणजे केंद्रापाशी जवळजवळ चार हजार प्रकाशवर्षं.

दादरला वीसेक लोकांसमोर नकाशा लावला, मध्यातून बाहेर आलेली बोटंबोटं दिसत होती आणि मी त्यांना रचना म्हणून समजावत होतो. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "ही सगळी टोकं आपल्याकडेच का वळलीत हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिथे धूळ जास्त तिथले तारे मीच पुढे ओढले होते. म्हणून आकडा मध्याच्या दिशेचाच, आणि लाली प्रत्येक ताऱ्याची वेगळी काढायची, अख्ख्या पट्ट्याला एक सरासरी लावायची नाही. हे कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा.

आणि हा छंदिष्टांचा काथ्याकूट नाहीये. ओगलच्या दृश्य आणि आय तेजावरून हे तारे लांबट, दांड्यासारखे पसरलेले दिसतात, आणि २०१३मध्ये व्हीव्हीव्ही या दुसऱ्या पाहणीच्या इन्फ्रारेड तेजावरून काढलेला नकाशा बराच गोल निघाला. धूळ चुकवून तुम्ही या वादात काय बोलणार?

मग तारे निवडा. आरआर लायरीतला फक्त आरआरएबी प्रकार घ्या, त्यांच्या तेजाचा आलेख झपकन चढतो आणि सावकाश उतरतो, नजरेला लगेच ओळखू येतो. आरआरसी हा दुसरा प्रकार सोडा, त्यांची लाट गुळगुळीत असते आणि एकमेकांना चिकटून फिरणारे जोडतारेही तशीच लाट दाखवतात. आवर्तनकाळ अर्ध्या दिवसाच्या अगदी जवळ आला तर तो आलेख हाताने उघडून बघा, एकाच जागेवरून रोज रात्री निरीक्षण केलं की खोटे आकडे येतात. दीडशे-दोनशे आलेख बघायचा कंटाळा येईल. बघा.

मागे धनु बटू दीर्घिकेचे तारे येतात, ते खूप लांबचे, काढून टाका. गोलाकार तारकागुच्छांतलेही. दृष्टीचा शंकू लांब जाताना रुंद होतो म्हणून लांबचे तारे जास्त मोजले जातात, अंतराच्या वर्गाने भागा. केंद्राचं अंतर २६,७०० प्रकाशवर्षांच्या आसपास यायला हवं, नाही आलं तर परत धूळ.

प्रिंट काढण्याआधी नकाशावर सूर्य टाका आणि सूर्यापासून पट्टी ठेवून बघा. तारे पट्टीच्या रेषेत ओळीने लागत असतील तर प्रिंट नको, धुळीचा तो आकडा बघा.