उत्पत्तीचा तिसरा अध्याय अभ्यासायला घेताना

जालन्यातील आमच्या मंडळीच्या अभ्यासवर्गात नव्याने येणाऱ्यांना मी सुचवतो की, मूळ पापाचा सिद्धांत (आदामाच्या पापाचा वारसा सगळ्या माणसांकडे येतो, ही शिकवण) काही आठवडे बाजूला ठेवून उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातील २:२५ ते ३:२४ हा भाग आधी सलग वाचावा. आपल्याकडे लाज म्हणजे चारचौघांतली लाज. गावात काय तोंड दाखवायचे, ही. पण एदेन बागेत चारचौघे नाहीतच. देवाने मनाई केलेले फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा पहिल्यांदा एकमेकांपासून अंग झाकतात, देवापासून लपतात ते त्यानंतर, आणि दोष दुसऱ्यावर ढकलणे त्याच्याही पुढे येते. हा क्रम ध्यानात राहिला, तर पुढचे भाष्यकार निम्मे सोपे होतात.

त्यांच्यापैकी मी इरिनेयसपासून सुरुवात करायला सांगतो. दुसऱ्या शतकातील लियोंचा हा बिशप आदाम-हव्वेला अपरिपक्व बालकांसारखे मानतो आणि इतकी पाने असताना आदामाने अंगाला टोचणारी अंजिराचीच पाने निवडली, यात त्याला पश्चात्ताप दिसतो. (अंजिराच्या बागेत उघड्या हातांनी काम केलेल्याला हे वेगळे समजवावे लागत नाही.) उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) त्यानंतर घ्यावा. त्याच्या मते मनुष्याने देवाची आज्ञा मोडली, तेव्हा शिक्षा म्हणून मनुष्याचे स्वतःचे शरीरच त्याच्या इच्छेला जुमानेनासे झाले, आणि लाज त्या बंडाची आहे. यावरून पहिले पाप म्हणजे शरीरसंबंध असा अर्थ अनेक नवखे वाचक काढतात. तो चुकीचा आहे, कारण ऑगस्टिन पापाचे मूळ गर्वात शोधतो आणि एदेनातही विवाह व संतती असतीच, असे म्हणतो.

आदामाकडून आलेला वारसा नेमका कशाचा, दोषाचा की मरणाचा, हा प्रश्न प्रत्येक लेखकाला विचारावा. आदामाचे पाप इतरांना लागत नाही असे शिकवणाऱ्या पेलाजियसविरुद्धच्या वादात कार्थेजच्या ४१८च्या परिषदेने ऑगस्टिनची बाजू उचलून धरली आणि कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४६मध्ये मूळ पापाचा हा सिद्धांत पुन्हा मांडला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र आदामाकडून मर्त्यता आली असे मानतात, त्याचा वैयक्तिक दोष आला असे मानत नाहीत. मला पूर्वेकडचे वाचन उताऱ्याच्या अधिक जवळचे वाटते, परंतु वर्गात मी दोन्ही मांडतो.

सगळा दोष हव्वेचा, असे कोणी १ तीमथ्य २:१४ (फसला तो आदाम नव्हे, तर स्त्री, असे म्हणणारे वचन) दाखवून म्हणालेच, तर त्याला उत्पत्ती ३:६ मोठ्याने वाचायला सांगावे, कारण तिचा पती तेथे तिच्याबरोबरच होता; आणि मग रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढावा, जेथे प्रेषित पौल नाव घेतो ते आदामाचे.