डॅश-डी म्हणजे तारीख की दिवस?

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लांटसाठी मी पहिलं कमांड लाइन टूल लिहिलं, तेव्हा नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. टूल कसलं, पायथनची दोनशे ओळींची स्क्रिप्ट. तापमान नोंदवणारी यंत्रं रोज रात्री फाइली टाकायची. एक टूल त्या फाइली आणायचं, दुसरं तपासायचं आणि तिसरं जुन्या फाइली झाडून काढायचं. तिन्ही टूल तिघांनी लिहिलेली. झाडूवालं माझं.

टूलने काय करायचं ते कमांडच्या पुढे डॅश आणि एखादं अक्षर किंवा शब्द लिहून सांगतात, त्याला ऑप्शन म्हणतात. आणणाऱ्या टूलमध्ये डॅश-डी म्हणजे तारीख. तपासणाऱ्यात डॅश-डी म्हणजे डिटेल, सविस्तर अहवाल. माझ्यात डॅश-डी म्हणजे दिवस, किती दिवसांच्या फाइली ठेवायच्या ते. सुटं सुटं पाहिलं तर तिघांचंही बरोबर होतं.

रात्रपाळीला दांडिया बाजारात राहणारे एक काका असायचे. महिन्याची २७ तारीख होती. ३ तारखेची एक फाइल अर्धवट आली होती, ती काढून पुन्हा आणायची होती. रोज आणणाऱ्या टूलला डॅश-डी देऊन हात बसलेला. काकांनी माझ्या टूललाही डॅश-डी ३ दिलं आणि एंटर दाबलं. टूलने ऐकलं ते असं: तीन दिवसांचं ठेव, बाकी उडव. त्याने काही विचारलं नाही, काही दाखवलं नाही. युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे काम नीट झालं की गप्प बसायचं असं मी कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे ते गप्प बसलं.

‘अरे, मी तीन तारखेचंच सांगितलं होतं रे त्याला,’ काका सकाळी म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आदल्या रविवारच्या, म्हणजे २१ तारखेच्या बॅकअपमधून बरंचसं परत आलं. २२ आणि २३ तारखेचे आकडे मात्र यंत्राच्या छापील पट्ट्यांवरून भरावे लागले. काका वाचायचे, मी टाइप करायचो. दुपारचे चार वाजले.

आमच्या सिनियर ताई रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर तक्ता आखला: आडव्या ओळींत अक्षरं, उभ्या रकान्यांत टूलं. ‘आता एकाच ओळीत दोन वेगळे अर्थ कुठे आलेत ते तूच बघ,’ म्हणाल्या. पाच ओळी निघाल्या. नव्या मुलामुलींना मी आजही हेच सांगतो, की कोड लिहायच्या आधी हा तक्ता करा. आणि त्यात आणखी एक रकाना ठेवा: बाहेरच्या जगात या अक्षराचा अर्थ काय? माणूस तुमच्या टूलपाशी येतो तो दुसऱ्या दहा टूलांची सवय बोटांत घेऊन येतो.

तो रकाना भरायला घेतला की गंमत सुरू होते. डॅश-व्ही म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘जास्त बोल’, पण मजकूर शोधणाऱ्या ग्रेपमध्ये ‘न जुळणाऱ्या ओळी दाखव’. डॅश-एच म्हणजे मदत असं आपण धरून चालतो, पण डिस्कवरची जागा मोजणाऱ्या डीयू आणि डीएफला ते दिलं तर आकडे केबी-एमबीत वाचता येतील असे येतात, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टूलला दिलं तर ते सर्व्हरचं नाव मागतं. दूरच्या मशीनवर शिरणाऱ्या एसएसएचमध्ये पोर्ट द्यायला छोटं पी, तिथे फाइली पाठवणाऱ्या एससीपीमध्ये मोठं, कारण तिथे छोटं पी फाइलीची वेळ जपण्यासाठी आधीच खर्ची पडलं होतं. इतकी वर्षं झाली, मी अजूनही आठवड्यातून एकदा तरी तिथे चुकतो.

म्हणून आमच्याकडे ठरलं की एक-अक्षरी रूप फक्त रोज लागणाऱ्या ऑप्शनला, बाकीच्यांना पूर्ण शब्द. आणि काही पुसणाऱ्या, हटवणाऱ्या ऑप्शनला एक-अक्षरी रूप मुळीच नाही. चार अक्षरं जास्त टाइप करावी लागली तर लागू देत.

पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकातली १४ मार्गदर्शक सूत्रं एकदा बसून वाचाच, अर्ध्या तासाचं काम आहे. नुसते दोन डॅश आले की ऑप्शन संपले, पुढचं सगळं फाइलींची नावं, हे तिथेच आहे. डॅशने सुरू होणारं नाव असलेली फाइल कधी काढायला गेलात तर त्याची किंमत कळेल. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या नियमांत प्रत्येक प्रोग्रॅमला डॅश-डॅश-हेल्प आणि डॅश-डॅश-व्हर्जन हवंच. हे दोन द्यायला आळस करू नका.

आता डीफॉल्ट. काकांच्या प्रसंगात अक्षर हा अर्धाच दोष होता. काही न सांगता टूल काय करतं, हा मोठा. आमच्याकडे सेव-उसळीच्या गाडीवर तिखट तरी वेगळ्या भांड्यात ठेवलेली असते, ज्याला हवी तो ओतून घेतो. ओतलेली परत काढता येत नाही हे गाडीवाल्याला ठाऊक असतं, मला नव्हतं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची क्लीन कमांड बघा: डॅश-एफ दिल्याशिवाय ती मूळ सेटिंगमध्ये फाइली काढायला नकार देते, आणि डॅश-एन दिलं तर काय काय जाईल ते नुसतं सांगते. फाइली पुसणाऱ्या ग्नूच्या आरएमलाही मूळ (रूट) फोल्डरपासून सगळं पुसायला नाही म्हणण्याचं डीफॉल्ट २००६ मध्ये आलं. त्याआधी ती सोय होती, पण मागावी लागायची. ज्याला तिची गरज असते तो नेमका मागत नाही.

पण म्हणून जिथे तिथे ‘नक्की ना?’ विचारत सुटू नका. तिसऱ्या दिवशी माणूस न वाचता वाय दाबायला लागतो. शिवाय ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमधून रात्री दोनला चाललेल्या स्क्रिप्टला उत्तर द्यायला कोण बसलंय? समोर टर्मिनल आहे का ते तपासा. असेल तर यादी दाखवून विचारा. नसेल तर काम न करता शून्य सोडून दुसरा एक्झिट कोड द्या (शून्य म्हणजे काम नीट झालं), आणि कोणता ऑप्शन द्यायला हवा होता ते एरर आउटपुटवर लिहा.

ऑप्शन वाचून देणाऱ्या पायथनच्या आर्गपार्स मॉड्यूलमध्ये दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडलोय. ऑप्शनचा टाइप बूल, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स, ठेवला आणि कुणी ‘फॉल्स’ असं लिहिलं, तर किंमत ट्रू होते, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रूच. आवृत्ती ३.९ पासून बूलियन-ऑप्शनल-ॲक्शन आहे, ते वापरा. एकाच ऑप्शनची होकारी आणि ‘नो’ लावलेली अशी दोन्ही रूपं आपोआप मिळतात. दुसरा खड्डा असा की आर्गपार्स मुळात अर्धवट शब्दही चालवून घेतं. कुणीतरी व्हर्बोजच्या जागी नुसतं ‘व्हर्ब’ लिहून स्क्रिप्ट करतो. वर्षभराने तुम्ही व्हर्ब-लिस्ट नावाचा नवा ऑप्शन घालता आणि त्याची स्क्रिप्ट ‘कोणता तो सांग’ म्हणत थांबते. अर्धवट शब्द चालवणारं अलाउ-अब्रेव्ह हे सेटिंग पहिल्या दिवशीच बंद करा. लोकांना सवय लागल्यावर बंद केलंत तर शिव्या खाल.

एकच किंमत चार ठिकाणांहून येऊ शकत असेल तर क्रम ठरलेला हवा: कमांडवर लिहिलेलं सगळ्यात वर, मग एन्व्हायरन्मेंट, मग कॉन्फिग फाइल, शेवटी डीफॉल्ट. आणि तो सगळ्या टूलांत एकच.

सगळ्यात अवघड असतं ते चुकलेलं डीफॉल्ट बदलणं. प्रोग्रॅम बांधणाऱ्या मेक या टूलच्या फाइलीत कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. हे १९७६ चं दुखणं आहे. मेक लिहिणाऱ्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी पुढे सांगितलं की त्रास लक्षात आला तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, त्यांचं बिघडायला नको म्हणून तसंच ठेवलं. डझनभर! गिटने उलट केलं. नुसतं पुश (म्हणजे बदल सर्व्हरवर पाठव) म्हटलं की दोन्हीकडे सारख्या नावाच्या सगळ्या ब्रँच, म्हणजे कोडच्या फांद्या, जायच्या. २०१४ मध्ये २.० आवृत्तीत ते फक्त चालू ब्रँचवर आणलं, पण आधीच्या आवृत्त्यांतून बराच काळ इशारा देत राहिले.

आम्हीही तोच रस्ता धरला. दिवसांसाठी डॅश-डॅश-कीप-डेज आलं. डॅश-डी मात्र लगेच तारखेला दिलं नाही. सहा महिने ते जुनंच काम करायचं आणि इशारा छापायचं, पुढे सहा महिने नुसतीच एरर, मगच नवा अर्थ. ताईंना हे फार लांबवल्यासारखं वाटलं होतं, मला अजूनही वाटत नाही. फक्त त्या प्लांटचं एक जुनं मशीन राहून गेलं. त्यावर इशाऱ्याच्या पुढची आमची नवी आवृत्ती कुणी टाकलीच नाही. तिथे रोज रात्री दोनला एक स्क्रिप्ट डॅश-डी ३० देऊन माझं झाडूवालं टूल चालवते, आणि लॉगमध्ये रोज तोच इशारा पडतो. ती स्क्रिप्ट कुणी लिहिली ते कुणालाच आठवत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, ‘चालतंय ना? मग हात नको लावू.’