वासराला विषाणूची हगवण लागली तर: पहिल्या तासापासून पुढच्या वेतापर्यंत

सकाळी गोठ्यात पाय टाकावा आणि कालपर्यंत उड्या मारणारं आठ दिवसांचं वासरू कोपऱ्यात मान टाकून बसलेलं दिसावं. शेपटीखालचे केस चिकटलेले, मागच्या पायांवर पिवळट पाण्यासारखे ओघळ. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "कोणतं औषध देऊ?" माझं सांगणं असं, की त्या घडीला औषधाआधी पाणी आठवावं. या विषाणूंना मारणारं औषध आपल्यापाशी नाही. वासरू दगावतं ते मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे आणि रक्तात आम्ल वाढल्यामुळे. ते पाणी आणि क्षार भरून काढणं मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं, आणि ते वेळेत केलं तर बहुतेक वासरं उठतात.

आतड्यात काय चाललेलं असतं

लहान वासरांच्या हगवणीत दोन विषाणू वरचेवर सापडतात, रोटा आणि कोरोना. (हा कोरोना गुरांचा, माणसांच्या साथीतला नव्हे.) रोटा विषाणू वासरांच्या हगवणीत १९६९ साली ओळखला गेला, माणसांच्या बाळांमध्ये तो त्यानंतर, १९७३ साली दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली तो चाकासारखा दिसतो, म्हणून लॅटिनमधल्या चाकाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं.

आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. दूध पचवायचं आणि शोषायचं काम तिचं. रोटा त्या लवेची टोकं कुरतडतो. कोरोना आणखी खोल जातो आणि मोठ्या आतड्यालाही धरतो, म्हणून त्याचा आजार सहसा जास्त दिवस चालतो आणि जास्त जड जातो. लव झडली की दुधातली साखर पचत नाही. ती आतड्यात तशीच राहते आणि अंगातलं पाणी आतड्यात ओढते. झडलेली लव खालून पुन्हा उगवते, पण त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस वासराला तगवून धरायचं, हीच खरी उपचाराची दिशा.

पायरी १: वय विचारा

वासराचं वय बघितलं की कारणाचा अर्धा अंदाज येतो. जन्मल्यापासून पहिल्या चार दिवसांत पाण्यासारखी हगवण लागली, तर ई. कोलाय या जिवाणूचा संशय आधी घ्यावा. साधारण पाचव्या दिवसापासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत रोटा, कोरोना आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी, असे तिघे येतात, आणि पुष्कळदा एकत्रच. कोरोना महिनाभराच्या वासरातही दिसतो. तीन आठवड्यांच्या पुढे रक्त-आव पडू लागली तर कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी आठवावा. साल्मोनेला हा जिवाणू कोणत्याही वयात येऊ शकतो. त्यात ताप असतो आणि शेणात रक्त किंवा आतड्याच्या अस्तराचे तुकडे दिसतात.

नुसता रंग बघून निदान होत नाही. पिवळी, पांढरी, हिरवट अशी नावं गोठ्यात चालतात, पण एकाच रंगाची हगवण तीन वेगळ्या कारणांनी होते.

पायरी २: पाणी किती गेलंय ते तपासा

याला दोन मिनिटं लागतात आणि पुढचा सगळा निर्णय यावर ठरतो. म्हणून इथे घाई करू नये.

मानेच्या बाजूची कातडी चिमटीत धरा, थोडी पिळा आणि सोडा. निरोगी वासरात ती लगेच, फार तर दोन सेकंदांत जागेवर बसते. तीन-चार सेकंद लागले तर अंगातलं पाणी बऱ्यापैकी कमी झालंय. सहा सेकंदांच्या पुढे वळी तशीच उभी राहिली तर परिस्थिती गंभीर आहे. मग डोळे बघा. बुबुळ आणि खालची पापणी यांच्यात फट दिसते का, डोळा खोल गेलाय का? फट जेवढी मोठी, तेवढं पाणी जास्त गेलेलं.

आता स्वच्छ बोट वासराच्या तोंडात घाला. ते जोरात चोखतं का? तोंड आतून ऊबदार आहे की गार? कान आणि पायांची टोकं गार लागतात का? शेवटी तापमापक. लहान वासराचं तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असतं. त्याच्या वर गेलं तर जिवाणूंचा संशय घ्यावा. खाली गेलं तर जास्त काळजी करावी, कारण गार पडलेलं वासरू फार वेळ देत नाही.

ढोबळ हिशेब असा: वजनाच्या ५ टक्के पाणी जाईपर्यंत वरून फारसं काही दिसत नाही. ८ टक्क्यांच्या आसपास डोळे खोल जातात आणि वासरू मलूल होतं. १० ते १२ टक्क्यांवर ते उभं राहत नाही. त्यापुढे प्राणावर बेततं. ४० किलोच्या वासरात ८ टक्के म्हणजे ३.२ लिटर. हा नुसता आजवरचा तोटा झाला, पुढची हगवण चालूच आहे.

पायरी ३: क्षारपाणी द्या

वासरू उभं राहतंय आणि बोट चोखतंय, तर तोंडानेच क्षारपाणी द्यावं. जनावरांसाठीचं तयार इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांची पुडी, मिळत असेल तर तेच घ्यावं. त्यात सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज आणि रक्तातलं आम्ल कमी करणारा घटक असे चारही हवेत. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या. दाट केलं तर हगवण वाढते, पातळ केलं तर उपयोग होत नाही.

तयार पुडी हाताशी नसेल तर तेवढ्यापुरतं घरी करता येतं. उकळून कोमट केलेल्या १ लिटर पाण्यात ४ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २० ग्रॅम ग्लुकोज पावडर. चमच्याने अंदाजे नको, वजन करा. ग्लुकोज म्हणजे ग्लुकोजच हवं. स्वयंपाकघरातली साखर घालू नका, कारण ती पचवणारा विकर वासराच्या आतड्यात नसतो. साखरेचं पाणी पाजून हगवण वाढवून ठेवणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच हे मुद्दाम लिहितो. या घरच्या पाण्यात पोटॅशियम नाही, त्यामुळे तयार पुडी आणेपर्यंतच ते वापरायचं.

४० किलोच्या वासराला एका वेळी साधारण २ लिटर, दिवसातून दोन-तीन वेळा द्या. पाणी अंगाच्या उबेचं, म्हणजे ३८-३९ अंशांचं असावं. त्याशिवाय साधं स्वच्छ पाणी समोर कायम ठेवा.

बाटलीने घशात पाणी ओतू नका. न चोखणाऱ्या वासराच्या घशात ओतलेलं पाणी फुप्फुसात उतरतं आणि हगवणीच्या जागी न्यूमोनियाने वासरू जातं. अन्ननलिकेत नळी घालून देता येतं, पण ती कशी घालायची हे पशुवैद्यकाकडून हातात हात घेऊन शिकल्याशिवाय करू नका.

पायरी ४: दूध तोडू नका

पोटाला आराम म्हणून दोन-तीन दिवस दूध बंद ठेवायची सवय फार जुनी आहे आणि मला ती सगळ्यांत जास्त खटकते. क्षारपाण्यात ताकद जेमतेम असते. नुसत्या त्यावर ठेवलेलं वासरू उपाशी राहतं, वजन उतरतं, रक्तातली साखर कमी होते. शिवाय झडलेली लव पुन्हा उगवायला पोषण लागतंच. दूध चालू ठेवलं तर हगवण थोडी जास्त दिसेल, पण वासरू टिकतं.

एकदम पोटभर देण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा द्या. ज्या क्षारपाण्यात खाण्याचा सोडा आहे, ते दुधाच्या वेळेपासून निदान दोन-तीन तास लांब ठेवा, कारण सोड्यामुळे पोटात दूध नीट विरजत नाही. आणि पुडी थेट दुधात ढवळू नका, दोन्हींची एकत्र दाटी आतड्याला सोसत नाही. गाईखाली लुचणारं वासरू असेल तर लुचू द्या, मधल्या वेळेत क्षारपाणी द्या.

पायरी ५: डॉक्टरांना कधी बोलवायचं

पुढच्यापैकी एक जरी दिसलं तर वाट बघू नका: वासरू उठत नाही, बोट चोखत नाही, तोंड गार लागतं, शेणात रक्त आहे, ताप आहे किंवा तापमान घसरलंय, किंवा दिवसभर क्षारपाणी देऊनही डोळे खोलच आहेत. अशा वासराला शिरेतून सलाईन आणि सोड्याचं द्रावण लागतं. तोंडाने दिलेलं तोवर शोषलं जात नाही. डॉक्टर येईपर्यंत अंग कोरडं करून ऊब द्या, खाली जाड कोरडं गवत किंवा पेंढा घाला.

प्रतिजैविकांबद्दल नीट समजून घ्या. विषाणूवर ती चालत नाहीत, आणि हुशार, दूध पिणाऱ्या, ताप नसलेल्या वासराला त्यांची गरज नसते. पण खूप आजारी वासरात आतड्यातले जिवाणू रक्तात शिरू शकतात, तेव्हा ती जीव वाचवतात. हा निर्णय वासराला तपासणाऱ्या डॉक्टरांचा. उरलेली जुनी गोळी किंवा शेजारच्या गोठ्यातलं इंजेक्शन देऊ नये. आतड्याची हालचाल थांबवणारी माणसांची औषधंही देऊ नयेत, बाहेर पडायची घाण त्याने आतच अडते.

पायरी ६: वेगळं करा आणि स्वच्छता क्रमाने करा

आजारी वासराच्या एक ग्रॅम शेणात अब्जावधी विषाणू असू शकतात. लागण झाल्यावर दीड-दोन दिवसांत लक्षणं दिसतात. म्हणजे आज एक आजारी आहे तर परवा त्याच्या शेजारचं. आजारी वासरू वेगळ्या जागी बांधा, त्याची बादली, बाटली, खराटा वेगळा ठेवा. रोजची कामं आधी सगळ्यांत लहान निरोगी वासरांपासून सुरू करा, मग मोठी, आणि आजारी वासरू सगळ्यांत शेवटी. माणूस एकच असेल तर हा क्रम फार महत्त्वाचा, कारण विषाणू बुटांवरून आणि हातांवरूनच फिरतो.

रोटा चिवट आहे. शेणात आणि ओलाव्यात तो महिनोन्‌महिने टिकतो. शेणावर नुसतं जंतुनाशक शिंपडून काही होत नाही, क्लोरीन तर शेण लागताच निकामी होतं. आधी शेण खरवडून काढा, मग गरम पाणी आणि साबणाने घासा, धुवा, वाळू द्या, त्यानंतर जंतुनाशक आणि पुन्हा वाळवण. क्रिप्टोस्पोरिडियमवर तर बहुतेक जंतुनाशकं हरतात, पण कोरडेपणापुढे तोही हरतो. जोराच्या फवाऱ्याने वासरांच्या देखत धुऊ नका, घाण तुषारांतून सगळीकडे उडते.

क्रिप्टोस्पोरिडियम आणि साल्मोनेला माणसांनाही लागतात. लहान मुलांना आजारी वासराजवळ जाऊ देऊ नका, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाकडे नेऊ नका.

एकापाठोपाठ तीन-चार वासरं आजारी पडली तर शेणाचा नमुना तपासून घ्या. तो आजाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत, औषध सुरू होण्याआधीच्या वासराचा घ्यावा. उशिरा घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडत नाही आणि पैसे वाया जातात.

पायरी ७: पुढच्या वेताची तयारी

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जवळपास नसतातच. ती येतात चिकातून, आणि आतड्याचं दार त्यांच्यासाठी जेमतेम चोवीस तास उघडं असतं. तेही पहिल्या तासापासून मिटत जातं. म्हणून जन्मल्यापासून दोन तासांत वजनाच्या साधारण दहा टक्के चीक पोटात गेला पाहिजे, म्हणजे ४० किलोच्या वासराला ४ लिटर. मग बारा तासांच्या आत आणखी एकदा, आधीच्या निम्मा. "लुचलंय की" यावर भिस्त ठेवू नका, किती प्यायलं ते मोजा. जार पडायची वाटही बघू नका. चीक चांगला आहे की नाही ते ब्रिक्स मापकावर (थेंबभर चीक टाकून त्याचा दाटपणा मोजायचं छोटं उपकरण) कळतं, २२ किंवा जास्त आकडा हवा. चांगला जास्तीचा चीक गोठवून ठेवला तर वर्षभर चालतो. वितळवताना ५० अंशांपेक्षा गरम पाणी नको, नाहीतर प्रतिपिंडं नासतात.

रोटा, कोरोना आणि ई. कोलायची एकत्र लस गाभण गाईला विण्याआधीच्या आठवड्यांत देतात. नेमकी वेळ आणि किती मात्रा ते त्या त्या लसीच्या पत्रकावर असतं. लस गाईला टोचली तरी तिचं संरक्षण वासरापर्यंत जातं ते चिकातूनच. चीक चुकला तर लस वाया गेली. आणखी एक गोष्ट फार कमी गोठ्यांत करतात: लस दिलेल्या गाईंचा चीक पहिल्या दिवसानंतरही, पहिले दोन आठवडे, रोजच्या दुधात थोडा थोडा मिसळावा. तो आता रक्तात शोषला जात नाही, पण आतड्यातच राहून विषाणूला जागच्या जागी अडवतो. रोटाचा जोर नेमका याच दिवसांत असतो.

विण्याची जागा कोरडी आणि वेगळी ठेवा. धडधाकट दिसणाऱ्या मोठ्या गाईही विण्याच्या सुमारास शेणातून विषाणू टाकतात, आणि वासराची पहिली धडपड त्याच जमिनीवर, त्याच मळलेल्या कासेखाली चालते. म्हणून पहिला घोट घेण्याआधी सड धुऊन पुसा.

बरं झालेलं वासरू हगवण थांबल्यावरही काही दिवस विषाणू टाकत राहतं. शेण घट्ट झालं म्हणून त्याच दिवशी लहानग्यांमध्ये सोडू नका. निदान आठवडाभर वेगळं ठेवा, आणि सोडाल तेव्हाही त्याच्याहून लहान वासरांत नको.