ऑक्टोबरात एकटीनं स्कॉटलंडचा उत्तर किनारा, कॅम्परव्हॅननं

नॉर्थ कोस्ट ५०० हा साधारण ८३० किमीचा लूप, पण ऑक्टोबरात दिवसाला १०० च्या वर प्लॅन करूच नका, बराच रस्ता एकपदरी आहे आणि अंधारही लवकर पडतो. सकाळी उठल्या उठल्या मेट ऑफिसची, म्हणजे तिथल्या हवामान खात्याची वॉर्निंग बघायची, यलो म्हणजे सगळ्यात खालची असली तरी ६२६ मीटरवरचा बेलाख ना बा घाट सोडायचा, घाटापलीकडच्या ॲपलक्रॉस गावाला शील्डेगकडून किनाऱ्याच्या रस्त्यानं जायचं. रात्री व्हॅनचं नाक वाऱ्याकडे, कड्यापासून लांब. आणि दार उघडताना दोन्ही हातांनी धरा हं, माझं वाऱ्यानं असं हिसकलं की बिजागरी वाकली, मग रात्रभर फटीत टॉवेल कोंबून बसले. डिझेल अर्ध्यावर आलं की भरायचं. रेंज जायच्या आधी घरी लोकेशन पाठवा.