ब्रिटनमधील मराठी ज्येष्ठांनी हिवाळ्याच्या बिलांसाठी सरकारी मदत कशी मिळवावी

इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना गॅस-विजेच्या बिलासाठी मिळणाऱ्या मदतीपैकी सहसा ठाऊक असते ती ‘विंटर फ्युएल पेमेंट’. घरात कोणी ऐंशी किंवा त्याहून अधिक वर्षांचे असेल तर 300 पौंड, नाहीतर 200 पौंड, अशी ही रक्कम 2025 च्या हिवाळ्यापासून पेन्शनच्या वयाच्या सर्वांना पुन्हा मिळू लागली. मात्र ज्यांचे वार्षिक उत्पन्न 35,000 पौंडांहून अधिक आहे, त्यांच्याकडून ती करातून परत घेतली जाते. स्टेट पेन्शन घेणाऱ्यांच्या खात्यात ती बहुधा आपोआप जमा होते. म्हणून ‘अर्ज करा’ असे सांगून बँकेचे तपशील मागणारा मोबाइलवरचा संदेश फसवणुकीचा समजावा आणि आईवडिलांनाही तसे बजावून ठेवावे.

खरी किल्ली आहे ती ‘पेन्शन क्रेडिट’, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी सरकारी पूरक रक्कम, आणि नेमकी तीच मागायला आपली माणसे संकोचतात. आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, हा अभिमान मी समजू शकतो. परंतु हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो न मागता थंडीत हीटिंग बंद ठेवून बसणे जिवावर बेतू शकते. आठवड्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असल्यास उरलेली रक्कम सरकार भरून देते; 2025-26 मध्ये ही मर्यादा एकट्या व्यक्तीसाठी 227.10 पौंड आणि जोडप्यासाठी 346.60 पौंड होती. अपंगत्व असल्यास किंवा कोणाची शुश्रूषा करत असल्यास ही मर्यादा वाढते, त्यामुळे उत्पन्न थोडे अधिक असले तरी अर्ज करावा.

पेन्शन क्रेडिट सुरू झाले की विजेच्या बिलात 150 पौंडांची सूट देणाऱ्या ‘वॉर्म होम डिस्काउंट’चा मार्ग मोकळा होतो. शिवाय नोव्हेंबर ते मार्च या काळात सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य अंश किंवा त्याखाली राहिले, तर त्या भागातील अशा घरांना दर वेळी 25 पौंड मिळतात.

अर्ज फोनवरूनही करता येतो आणि दुभाषी मागता येतो. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, बँक खाते, उत्पन्न आणि बचत यांचे तपशील जवळ ठेवावेत. पात्रता आधीपासून असल्यास मागील तीन महिन्यांपर्यंतची रक्कमही मिळू शकते.

आपल्या घरांत काही गोष्टी विशेष जपाव्या लागतात. आईवडील मुलाकडे राहत असले तरी मुलाचे उत्पन्न त्यांच्या उत्पन्नात धरले जात नाही. मात्र बिल मुलाच्या नावावर असेल तर 150 पौंडांची सूट त्यांना मिळत नाही. पुण्यातील मुदतठेव किंवा दुसरे घर ही बचतच मानली जाते व ती जाहीर करावीच लागते. 10,000 पौंडांपर्यंतच्या बचतीचा परिणाम होत नाही. हिवाळ्यात भारतात चार आठवड्यांहून अधिक राहिल्यास पेन्शन क्रेडिट सहसा थांबते, म्हणून निघण्यापूर्वी पेन्शन कार्यालयाला कळवावे. आणि ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी (म्हणजे अशी सरकारी मदत) घेण्यास मनाई आहे, त्यांनी सल्ला घेतल्याशिवाय अर्ज मुळीच करू नये.